सिनेमाचं मराठी

"मित्र म्हण. फार तर मानलेला भाऊ म्हण," विजयकुमार नचिकेतच्या कानाशी पुटपुटले. "समोर मुलं बसलीत."

जपानातल्या फुनाबोरीच्या हॉलमध्ये तिथल्या मराठी मंडळाने बंगाली मंडळींना बोलावलं होतं. आधी साबुदाणा वडे झाले, मग बंगाली सिनेमा लागला. सिनेमाची जी प्रत मिळाली तिच्यावर खाली अक्षरं फक्त जपानी. म्हणून नचिकेत पडद्याशेजारी माइक घेऊन बसला होता आणि एकेक संवाद मराठीत सांगत होता. बंगाली कुठे शिकलास, असं कुणी विचारलं की तो कोलकात्याच्या जुन्या प्रोजेक्टचं नाव पुढे करी. असं प्रोजेक्ट कधी नव्हतंच.

सिनेमा होता गावोगाव फिरणाऱ्या नाटकमंडळीत स्त्रीपार्ट करणाऱ्या एका माणसाचा. स्त्रीपार्ट म्हटल्यावर मराठी माणूस आधी खूशच होतो. नऊवारी काय, मुरडणं काय, आपल्याकडे याहून सरस होतं म्हणून मंडळाचे अध्यक्ष विजयकुमार शेजारच्या बंगाली पाहुण्यांना ऐकवतही होते. पण खेळ संपला तरी तो माणूस साडी सोडेना, कुंकू पुसेना. मी बाईच आहे, असं त्याने मंडळीतल्या क्लॅरिनेटवाल्याला सांगितलं. क्लॅरिनेटवाला हसला नाही. तो त्याचे केस विंचरू लागला.

मग हॉल तापला. सिंधूताई, म्हणजे विजयकुमारांच्या पत्नी, दोनदा "शी" म्हणाल्या. असले विषय घरच्यांबरोबर बघायचे का, असं कुणीतरी मागून विचारलं. यांना भर चौकात फटकावलं पाहिजे, असंही एकजण म्हणाला आणि लोक हसले. सिनेमा बंद करावा तर पाहुण्यांसमोर शोभा. म्हणून विजयकुमारांनी मराठीच सोवळं करून घ्यायचं ठरवलं आणि ते उठून नचिकेतच्या कानाशी लागले.

नचिकेतने मान डोलावली. त्यानंतर क्लॅरिनेटवाला पडद्यावर जीव ओवाळून टाकत होता आणि मराठीत मैत्री निभावत होता. पुढच्या रांगेतली मुलं मात्र खालची जपानी अक्षरं मुकाट्याने वाचत होती. ज्यांच्यापासून लपवायचं त्यांना सगळं कळत होतं. सोवळ्यात राहिले ते आईबाप.

आणि सगळं कळत होतं बंगाली पाहुण्यांमधल्या, शेवटच्या रांगेतल्या सौमेनला. जवळच्याच ओजिमातल्या छोट्या फ्लॅटमध्ये तो आणि नचिकेत कित्येक वर्षं एकत्र राहत होते, आणि मंडळाला याची गंधवार्ता नव्हती. घर लहान आहे म्हणून नचिकेत कुणाला घरी बोलावत नसे. मागे मोठा भूकंप झाला तेव्हा बहुतेक मंडळी मिळेल त्या विमानाने पुण्यामुंबईला पळाली. नचिकेत सौमेनला सोडून गेला नाही, आणि कारण ठाऊक नसलेलं मंडळ त्याला धीराचा म्हणे. सिंधूताईंनी तर आपली भाची त्याच्यासाठी हेरून ठेवली होती.

सिनेमा सौमेननेच सुचवला होता. तुला स्वतःचं काही बोलायचं नाही, तो म्हणाला होता, फक्त त्याचं बोलणं तुझ्या लोकांना तुझ्या तोंडून ऐकव. नचिकेतने कबूल केलं होतं. एकदा तरी ते शब्द चारचौघांत उच्चारावेत, असं त्यालाही मनापासून वाटत होतं.

सिनेमा शेवटाला आला. नदीच्या घाटावर सारा गाव जमला होता. हा कोण तुझा, असं पाटलासारख्या दिसणाऱ्या म्हाताऱ्याने दरडावून विचारलं. क्लॅरिनेटवाल्याने साडीतल्या त्या माणसाचा हात धरला आणि एकच वाक्य बोलला.

नचिकेतने माइक तोंडाजवळ नेला. विजयकुमार त्याच्याकडेच बघत होते.

"हा माझा लहानपणचा मित्र आहे," नचिकेत माइकमध्ये म्हणाला.

"असं नाही म्हणाला तो."

सगळ्यांनी माना वळवल्या. सौमेन उभा होता. "तो म्हणाला, हे माझं माणूस आहे. मी याला सोडून कुठेही जाणार नाही." मराठी स्वच्छ होतं, उच्चार तेवढे थोडेसे गोलसर.

कुणीतरी दिवे लावले. पडद्यावर नावं येऊ लागली, पण तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. हॉलमध्ये कुजबुज वाढली. पुढच्या रांगेतल्या मुलीला तिच्या आईने दंडाला धरून ओढलं. नचिकेतला वाटलं, आता सगळं उघडं पडणार. त्याला भीती वाटली आणि, खरं सांगायचं तर, थोडं हलकंही.

"बोलायची ढब अगदी आपल्या नचिकेतची आहे हो," सिंधूताई सौमेनला निरखत म्हणाल्या.

विजयकुमार पुढे आले. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"तुम्हाला मराठी कुणी शिकवलं?"

सौमेनने मान वळवली. तो नचिकेतकडे बघत राहिला. त्या बघण्यात रागही नव्हता आणि घाईही नव्हती. नुसतं एक नाव सांगायचं होतं, आणि ते सांगण्याचा मान त्याने नचिकेतला दिला होता.

नचिकेत माइकच्या बटणाकडे बघत होता. बटण चालूच होतं.

"ऑफिसमध्ये," शेवटी सौमेनच म्हणाला. "आमच्याकडे पुण्याचे खूप लोक आहेत."

विजयकुमारांची आठी विरली. "बघा, हा बंगाली माणूस जपानात राहून मराठी शिकला, आणि आपली मुलं घरात जपानी बोलतात," ते सगळ्यांकडे वळून म्हणाले. "टाळ्या झाल्या पाहिजेत यांच्यासाठी."

हॉल खूश झाला. सुटल्यासारखा कडकडाट झाला. सिंधूताईही वाजवत होत्या. मघाशी फटकावण्याची भाषा करणारा गृहस्थ तर उभा राहूनच टाळ्या पिटत होता.

टाळ्यांना दोन्ही हात लागतात, म्हणून नचिकेतने माइक टेबलावर ठेवला.