आईचं नाव

नवऱ्याला, शिमोनला, कराडच्या दवाखान्यात व्हेंटिलेटरवर ठेवलं, तेव्हा पूजानं पुण्याच्या सिनेगॉगला, त्याच्या ज्यू समाजाच्या प्रार्थनामंदिराला, फोन लावला.

"आजारी माणसासाठी प्रार्थना करताना आम्ही त्याच्या आईचं नाव घेतो," तिकडून सांगितलं. "त्यांचं हिब्रू नाव विचारून कळवा."

पूजा तशीच एसटीनं साताऱ्याला गेली. धर्माबाहेरच्या त्या लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण सासूच्या दारात ती पहिल्यांदाच उभी राहिली.

"आवं आई, मला आत घेऊ नका. फकस्त तुमचं हिब्रू नाव सांगा. त्यांच्यासाठी प्रार्थना करायची हाय."

सासूनं दार अर्धवट लोटून धरलं.

"तुमचं लग्न झालं तेव्हाच मी त्याच्या नावानं सात दिवस शोक पाळला," ती म्हणाली. "ही प्रार्थना मेलेल्यांसाठी करत नाहीत, पोरी."