विल्फची पेन्सिल

शर्यतींचं मैदान मोडून तिथे घरं उठली त्याला बारा वर्षं झाली. पुस्तकांच्या दुकानात मेव्हिसबाईंनी तिथल्या मोटारसायकल शर्यतींवरचं नवं पुस्तक उघडलं, तर चौथ्या वळणावरच्या काळ्यापांढऱ्या फोटोत गर्दीमध्ये त्या आणि विल्फ! सगळ्यांचे डोळे शर्यतीवर, विल्फचं डोकं मात्र कार्यक्रमपत्रिकेत. दुकानदार हसला. “आजी, हे गृहस्थ शर्यत सोडून गृहपाठ करतायत का?” “निकाल लिहितोय माझा नवरा. त्याला लांबचं दिसायचं नाही. मी हेल्मेटचे रंग ओरडून सांगायचे, तो टिपायचा.” “मग ही शर्यत कोण जिंकलं?” त्यांना आठवेना, फोटोत रंगही नव्हते. घरी येऊन त्यांनी पुस्तक टेबलावर उघडलं, पानावर विल्फची पेन्सिल ठेवली, आणि आपल्याच लाल-निळ्या हेल्मेटवाल्या संघाला जिंकवून टाकलं. “लाल पहिला! निळा दुसरा! पिवळा तिसरा!” सवयीनं त्या थांबल्या. “शेवटचा कोण गं?” असं विचारायला आता विल्फ नव्हता.