चुन्याची खूण

चुन्याची खूण अव्वाच्या डोक्यावरच पडली होती.

शिवकांताने ती गोठ्याच्या दारातून पाहिली आणि नजर काढून घेतली. जमिनीवर ओळखीचं काही नव्हतं. कट्टा नाही, दगड नाही. अव्वाला, शिवकांताच्या आईला, तिथं मांडी घालून, तळहातावर इष्टलिंग देऊन पुरलं, तेव्हा अप्पांनी समाधी बांधू दिली नव्हती. "शरणम्मा शिवात मिळाली. खाली नुसती माती हाय," असं अप्पा, तिचे वडील गुरुपादप्पा, सगळ्या गावासमोर बोलले होते. गावातल्या कुठल्याही लिंगायताच्या मयतीला ते हेच सांगत. आपल्यात कुणी मागं उरत नाही, म्हणून आपल्यात भूतही होत नाही.

दुष्काळाने चाकूरच्या बाजूच्या विहिरी तळाला नेल्या होत्या. लातूर जिल्हा नवा झाला होता, कचेरी जवळ आली होती, त्यामुळे बोअरचं मशीन तरी लवकर मिळालं. पण गावातली आधीची दोन्ही बोअरं कोरडी गेली. पाणी शोधणाऱ्या साहेबांनी आज सकाळी सगळं शिवार पालथं घातलं आणि अप्पांच्या गावालगतच्या या शेतात, नेमकी इथं चुन्याची फुली मारली. खडकातली भेग इथूनच जाते, हातभर बाजूला घेतलं तरी धुरळाच निघेल, असं सांगून ते पुढच्या गावाला गेले. शिवकांता नांदेडच्या शाळेत विज्ञान शिकवत होती. तिने स्वतः तो उतार, तो खडक पाहिला होता. साहेबांचं चुकलं नव्हतं.

तेव्हा सगळ्यांनी गुरुपादप्पांकडे पाहिलं होतं.

"पाडा की," ते म्हणाले होते. "माती हाय."

आता ते तिच्या मागोमाग गोठ्यात आले. जनावरं छावणीला गेली होती. रिकाम्या गव्हाणीवर हात टेकून ते उभे राहिले.

"शिवे, तू ते भुताचं लिहितीस न्हाई का."

शिवकांताने चमकून पाहिलं. तिची गोष्ट छापलेला दिवाळी अंक घरात आला की अप्पा तो पालथा करून ठेवत. अव्वाचं उलटं. लुगडं घ्यायचं निमित्त काढून ती लेकीला एसटीने लातूरला न्यायची आणि दुपारच्या खेळाला भुताच्या पिक्चरला बसवायची. भूत आलं की अव्वा तोंडावर पदर घ्यायची आणि पदरातून बघत राहायची.

"त्या मशीनवाल्या व्यंकटाला एक सांग," अप्पा म्हणाले. "अंगावर काटा येईल असं. रेणापूरकडं चिंचेखाली बाई दिसती म्हणल्याबरोबर मशीन घेऊन निघून आला म्हणं तो."

"आणि पाणी, अप्पा?"

"बघू."

"तुम्हीच म्हणलात, माती हाय."

"म्हणलो. चारचौघांत म्हणलो, आता फिरवता येत न्हाई." त्यांनी दारातून खुणेकडे पाहिलं. "पण लोखंड जाईल गं तिच्या मस्तकातून."

शिवकांता बाहेर आली. ऊन डोक्यावर होतं. बाया घागरी घेऊन बांधावर बसल्या होत्या. कस्तुराबाई सगळ्यांत पुढं होती. पाण्याच्या पाळीवरून तिचं रोज कुणाशी तरी वाजायचं.

"ये बाई," कस्तुराबाई म्हणाली. "पाणी लागलं की पहिली घागर तुझ्या भुताला. लई दिवसांचं तहानलेलं असंल."

बाया हसल्या. व्यंकट हसला नाही. तो देगलूरकडचा, या गावात नवा. मशीनच्या खांबाला लिंबू-मिरच्या बांधत होता. त्याचे हात थांबले.

"ताई, ह्या जागेत काही हाय का? असंल तर आधी सांगा. आमची पोटापाण्याची मशीन हाय."

हसणं बंद झालं. बायांनी माना खाली घातल्या. तिथं कुणाला पुरलंय, हे त्यांनाही ठाऊक होतं. गोठ्याच्या दारात अप्पा उभे होते.

एक शब्द पुरला असता. भीती कशी चढवायची हे शिवकांताला नीट माहीत होतं. आधी शांतता, मग आवाज, चेहरा सगळ्यांत शेवटी.

"हाय," ती म्हणाली.

व्यंकटाने हातात उरलेलं लिंबू खाली ठेवलं. अप्पांचे खांदे सैल पडले.

"एक बाई बसलीय. मांडी घालून. तिला पिक्चरचं लई वेड. लातूरच्या एसटीत खिडकीची जागा धरायची. गाडी गच्च भरायची. मग कुणी लेकरू काखेत घेऊन, कुणी बोचकं घेऊन चढायचं. ही बाई अंग चोरायची. तिघांच्या बाकावर पाच जण बसवायची. आता खाली बसलीय, तरी सवय गेली न्हाई. वर कुणी येऊन उभं राहिलं की आवाज येतो."

"काय म्हणती?" व्यंकटाने हळूच विचारलं.

"म्हणती, सरकते मी. बस तू."

वारा नव्हता. खांबाला टांगलेल्या मिरच्याही हलत नव्हत्या. कस्तुराबाईने घागर मांडीवरून खाली ठेवली.

"माझ्या पहिल्या बाळंतपणाला," ती म्हणाली, "चाकूरपर्यंत एसटीत उभी आली ती. मला आडवं होऊ दिलं."

व्यंकट शिवकांताकडे बघत राहिला. मग गोठ्याकडे वळला. "अप्पा, काय करू? उभं करू का मशीन?"

गुरुपादप्पा सावकाश चालत आले. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही. खुणेपाशी येऊन त्यांनी चपला काढल्या. गावाने त्यांना त्या जागी कधी चपला काढताना पाहिलं नव्हतं. गुडघ्यावर हात देत ते खाली बसले आणि व्यंकटाला हातानेच मशीन पुढं घ्यायची खूण केली.

मग चुन्याशेजारच्या मातीवर तळहात टेकून ते म्हणाले, "शरणम्मा, जरा सरकून बस."