कावळ्याचा घास

"कावळ्याला घास ठेवला, एवढंच ना?" म्हणत आधीचे दोन्ही समुपदेशक हसले होते. म्हणून आज तिसरीकडे आलेल्या देवरावांनी खुर्चीत टेकतानाच सांगून टाकलं, "बाई, मी महानुभाव पंथाचा. आमच्यात श्राद्ध नसतं, पिंड नसतो. एका परमेश्वराशिवाय कुणापुढे हात जोडायचे नसतात. हे पटत नसेल तर मी आताच उठतो."

"बसा हो. काय झालं?"

"बायको गेली. शेजारच्या काकू म्हणाल्या, दहाव्याला कावळ्याला घास ठेवा, नाहीतर तिचा जीव अडकेल. मी घाबरलो. गच्चीवर पान ठेवून हात जोडले. ती जन्मभर धर्मानं राहिली, आणि मी तिच्याच नावानं धर्म मोडला. तेव्हापासून झोप नाही."

देवराव दमून थांबले. आता पुन्हा 'त्यात काय एवढं' ऐकायचं, एवढंच उरलं होतं.

"तुमच्या धर्मानं ही चूकच झाली," बाई शांतपणे म्हणाल्या. "प्रायश्चित्त असेल ना?"

"आहे. मठात बाबांना सांगावं लागतं. जीभ रेटत नाही."

"सांगून या, मग आपण बोलू. पण तुमच्या पत्नीला हे कळलं असतं, तर त्या काय म्हणाल्या असत्या?"

"ती? म्हणाली असती, शेजारणीचं बरं ऐकलंत! माझं ऐकलंत कधी?"

बोलताना देवरावांचा आवाज अगदी तिच्यासारखा चढला, आणि ती गेल्यापासून पहिल्यांदाच ते मोकळेपणी रडले.