दाण्याच्या कुटाचं उष्टावण

दवाखान्यात भाचीच्या उष्टावणाला मामा फेटा बांधून आला, तेव्हा सगळे पेशंट खुसखुसले. केतकीलाही हसू आवरेना, पण लेकीला तिने घट्ट धरून ठेवलं होतं. चांदीच्या वाटीत खिरीऐवजी दाण्याचं पातळ कालवलेलं कूट होतं.

थोरल्या मुलाला तिने तीन वर्षं दाण्यापासून जपलं होतं. पहिल्याच चिक्कीला त्याचा चेहरा सुजला, श्वास अडकला. दोन वर्षं झाली, घरात दाणा आला नव्हता.

“हिची ओळख वेळेवर करून देऊ,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. “सहाव्या महिन्यात भेटलेल्याशी शरीर सहसा वैर धरत नाही. पण माझ्यासमोर द्यायचं.”

मामाने सोन्याची अंगठी वाटीत बुडवून चाटवली, भाचीचा पापा घेतला. पंधराव्या मिनिटाला केतकी किंचाळली, “गालावर लाल चट्टा!”

डॉक्टरीणबाईंनी गालावरून बोट फिरवलं. “अहो, हे मामाच्या कपाळाचं कुंकू!”

सगळा दवाखाना खो खो हसला. लेक अंगठीसाठी हात नाचवत होती. अर्धा तास सुखरूप उलटला, तशी केतकीने वाटी बोटाने पुसून चाटली, दोन वर्षांनी, डोळे मिटून. मग घरी गेल्यावर थोरल्याचाही पापा घ्यायचाय हे आठवलं, आणि ती साबणाने हात-तोंड धुवायला धावली.