चघळायच्या गोळ्या

दुसऱ्यांदाही नळी गुलाबीच झाली.

अनुपमानं ती खिडकीपाशी उजेडात धरली. उंदराच्या यकृतातून काढलेले मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशीला शक्ती पुरवणारे इवले कण, त्या नळीत होते. ते नासू लागले की या चाचणीत गुलाबी रंग चढायचा. जितका रंग गडद, तितकी नासाडी जास्त. नासाडी थांबावी म्हणून तर तिनं या नळीत व्हिटॅमिन सी घातलं होतं. ते न घातलेली शेजारची नळी मात्र जवळजवळ पांढरीच होती.

"माझीच काहीतरी अदलाबदल झाली असणार."

"दोनदा?" बाजूच्या टेबलावरच्या चंद्रप्रकाशनं मान वर केली. "लोह घातलंयस ना त्यात?"

"किंचित. दोन्हींत."

"मग बरोबर आहे. एरवी सी राखण करतं. पण मोकळं लोह मिळालं की तेच त्याला चेतवतं, आणि मग वाट लागते सगळ्याची. तू कशाला घाबरतेस? उंदराचंच लिव्हर आहे ना."

अनुपमानं नळी खाली ठेवली.

तिची धाकटी बहीण जया लहानपणापासून दुसऱ्यांच्या रक्तावर जगत होती. थॅलसेमिया. दर महिन्याला रक्ताची बाटली चढायची, आणि प्रत्येक बाटलीतलं लोह तिच्या अंगातच साठून राहायचं. यकृतात. काळजात. आणि दिवाळीपासून ती सकाळ-संध्याकाळ व्हिटॅमिन सीच्या गोळ्या चघळत होती. ताकद येईल म्हणून अनुपमानंच आणून दिल्या होत्या. परवा जया म्हणाली, "ताई, जिना चढताना हल्ली छातीत फडफडतं गं." तेव्हा अनुपमानं आईला सांगितलं होतं, "गोळ्या वाढव."

घाटकोपरच्या घरी फोन नव्हता. तिनं शेजारच्या कुंडलिककाकांचा नंबर फिरवला. नुसती घरघर. पुन्हा फिरवला. मग अंगातला पांढरा कोट तसाच ठेवून ती खाली धावली आणि मुलुंडच्या नाक्यावर रिक्षात बसली. भांडुपला कारखान्याची पाळी सुटली होती, रस्ता तुंबला होता. "भाऊ, काढा ना कुठूनतरी," ती म्हणत राहिली. रिक्षावाल्यानं एकदा मागे वळून तिचा चेहरा पाहिला आणि गाडी गल्लीत घातली.

दार उघडंच होतं. जया खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. ओठ काळसर पडलेले, कपाळावर घाम. आई तिच्या तोंडाशी गोळी धरून समजावत होती, "चघळ गो बाय, बरं वाटेल."

अनुपमानं आईच्या हाताला फटका मारला. गोळी खाटेखाली गेली.

"अगो, येड लागलं काय तुला? तूच सांगितलंस ना!"

"मीच सांगितलं. चुकलं माझं. यापुढे एकही द्यायची नाही."

तिनं जयाचं मनगट धरलं. नाडी धावत होती, मध्येच थांबत होती, पुन्हा धावत होती.

"ताई, मी मरत नाही ना?"

अनुपमानं बहिणीला उचललं.

इस्पितळात डॉक्टरांनी जयाच्या छातीला वायरी लावल्या, कागदाची पट्टी बघितली आणि गोळ्यांचं ऐकलं. मग म्हणाले, "वेळेत आणलंत. गोळ्या बंद, बाकी औषधं मी देतो. काळीज किती सावरेल ते आता सांगता येणार नाही."

ते हळूहळू सावरलं. महिन्याभरानं जया घरी आली. अंगात ताकद नव्हती, पण ठोके नीट पडत होते. अनुपमा तिच्या उशाशी बसून सारखी नाडी बघत होती, आणि जया हात सोडवून घेत होती, "पुरे ना गं ताई."

मग जयाला तहान लागली.

आई पाण्याचा पेला घेऊन आली आणि खाटेपासून दोन हातांवरच थांबली. जयानं हात पुढे केला तरी तिनं तो दिला नाही. ती थोरलीकडे बघत होती.

"पाणी चालेल ना गो?"