साडेबाराचा फोन

"माजा न्हाई, हिचा फोन जोड," सोपानराव म्हणाले.

ओंकार गाडीत अर्धा वाकलेला होता. डॅशबोर्डची पट्टी काढलेली, वायरी बाहेर लोंबत होत्या. तळवड्यात गाड्यांचं सामान बसवून देण्याचं त्याचं दुकान. त्यानं मान वर केली. "काका, गाडी तुम्ही चालवणार ना? मग फोन तुमचाच जोडायला पाहिजे. हातात न धरता बोलता यावं म्हणून तर हे बसवतात."

"मला कोण फोन करतंय? हिचाच जोड."

खुर्चीवर बसलेल्या अंबुबाईंनी फोन पदराखाली घेतला.

चार वर्षांपूर्वी त्यांची एकुलती एक लेक, जयमाला, त्यांच्याच खोल्यांत भाड्यानं राहणाऱ्या गणराजशी लग्न करून गेली होती. पोरगा लातूरकडचा, चाकणला कंपनीत. ती पळून गेली नव्हती. घरात सांगितलं, महिनाभर वाट पाहिली, मग गेली. सोपानरावांनी त्याच आठवड्यात सगळ्या खोल्या रिकाम्या करून घेतल्या. अंबुबाईंना म्हणाले, "तिच्याशी ह्या घरातलं कुणी बोलायचं न्हाई. मी तर न्हाईच न्हाई." दिलेला शब्द त्यांनी कधी फिरवला नव्हता. गावात त्यांची तीच तर ख्याती होती.

अंबुबाई मात्र बोलायच्या. जयमालाही आता चाकणलाच कामाला होती. साडेबाराला तिची जेवणाची सुट्टी झाली की फोन यायचा. त्या वेळी अंबुबाई वाळवण राखायला गच्चीवर जायच्या. वाळवण असो नसो, अगदी पावसाळ्यातसुद्धा. सोपानराव खाली ओट्यावर बसून असायचे. त्यांनी कधी काही विचारलं नव्हतं, आणि त्यांना काही माहीत नाही असं अंबुबाई धरून चालल्या होत्या.

गेल्या आठवड्यात सोपानरावांनी देहूरोडच्या एका बदली झालेल्या साहेबाची जुनी गाडी घेतली. सहासष्टाव्या वर्षी कशाला, हे अंबुबाईंना कळलं नव्हतं. आता कळलं. आपली चोरी पकडायला.

"दे की फोन," सोपानराव म्हणाले. अंबुबाईंनी दिला.

ओंकारनं आधी मागचे सेन्सर दाखवले. गाडी मागं घेताना भिंत जवळ आली की टिकटिक वाढते.

"मागं कोण हाय त्ये पन सांगतं व्हय?"

"किती जवळ आहे ते सांगतं काका. कोण आहे ते नाही." ओंकार हसला. मग त्यानं स्टिअरिंगजवळचं बटण दाखवलं. "फोन आला की हे दाबायचं."

"बटन नको. आपोआप उचलू दे."

"तसंही होतं. दोन रिंगा झाल्या की आपोआप चालू होईल."

"आन् आवाज मोठा ठेव. रस्त्याला ट्रकांचा लई गोंगाट असतो."

ओंकारनं त्याच्या फोनवरून लावून दाखवलं. त्याचं 'हॅलो' गाडीत चारी बाजूंनी घुमलं. अंबुबाई खुर्चीवरून उठल्या. दुकानातल्या घड्याळात बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"आवं, माजा फोन द्या जरा."

"ऱ्हाऊ दे गाडीतच. चल, एक चक्कर मारून येऊ."

गाडी घराकडं वळली नाही. ती चाकणच्या रस्त्याला लागली. म्हाळुंग्याच्या पुढं ट्रेलरांची रांग लागली होती आणि गाडी मुंगीच्या पावलानं सरकत होती. फोन समोरच्या खाचेत ठेवलेला. पोरीला आज करू नको असं सांगायचं तरी कसं, अंबुबाईंना सुचेना. कंपनीत आज सुट्टी उशिरा होवो, एवढंच त्या मनात म्हणत राहिल्या.

साडेबाराला फोन वाजला. अंबुबाईंनी लाल खूण दाबायला हात पुढं केला. सोपानरावांनी तो मनगटाशी धरला. दुसरी रिंग झाली.

"आई, जेवलीस का गं?"

आवाज सगळ्या गाडीत भरला. सोपानरावांची मान ताठ, नजर समोरच्या ट्रेलरच्या फळीवर. हात मात्र त्यांनी सोडला नव्हता.

"आज शेपू केला होता बघ. तुझ्यासारखा नाही झाला, यांनी तरी सगळा संपवला. आई, अण्णांनी गोळी घेतली का? पायाची सूज उतरली का त्यांच्या? परवापासून माझं लक्ष लागेना कामात. त्यांना म्हणावं, ओट्यावर पाय लोंबते सोडून बसू नका."

मागच्या ट्रकनं हॉर्न दिला.

"आई? हा कसला आवाज? तू गच्चीवर नाहीस का?" जयमालाचा आवाज एकदम खाली आला. "अण्णा जवळ आहेत का? ठेवू का मग फोन?"

अंबुबाईंनी भीत भीत नवऱ्याकडं पाहिलं. सोपानरावांनी तोंड त्यांच्याकडं वळवलं होतं. डोळे भरून आलेले, खालचा ओठ थरथरत होता. त्यांनी मान जोरात हलवली, आणि जराही आवाज होऊ न देता, नुसत्या ओठांनी म्हणाले,

"न्हाईत म्हन."